दरीकडची भिंत पाजायची राहिली

भिंतीला गिलावा करणारा आणि भिंत पाजणारी, या दोघांतला फरक मला कुणी विचारला तर मी म्हणेन, आधी हात दाखवा. गिलाव्याच्या माणसाच्या हातात थापी असते. चुना बोटाला लागला तर लागला, नाही तर नाही. भिंत पाजणाऱ्या बाईच्या बोटांना टोकं उरत नाहीत. नखं आधी पिवळी पडतात, मग पातळ होतात आणि एक दिवस भाकरी थापताना पिठात निघून येतात. माझी दोन गेली. माझ्या सासूची आठ गेली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गोडगोड लिहायची मला हौस नाही.

सासर कुसगावचं, गवंड्याचं घर. मी लोणावळ्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून आज हे लिहिता तरी येतंय. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. लोणावळ्यात तेव्हा मुंबईच्या शेठ लोकांचे बंगले उठत होते आणि मामंजींना उसंत नव्हती. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. कामाची वाटणी ठरलेली होती. बांधायचं आणि गिलावा करायचा पुरुषांनी. चुना मळायचा, पाणी मारायचं आणि भिंत पाजायची बायकांनी.

दगडी भिंत बाहेरून कितीही घट्ट दिसली तरी आत पोकळ्या राहतात. दोन दगडांच्या मधे चुना घातलेला असतो, पण तो कानाकोपऱ्यात पोचत नाही. मावळात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, आणि पाणी अशा पोकळीचीच वाट बघत असतं. म्हणून सांधे खरवडायचे, बाहेरच्या अंगाने ओल्या मातीने लिंपायचे आणि वरून चुना व विटांची बारीक पूड कालवून केलेली पातळ पेज आत सोडायची. तोटीच्या भांड्याने, बारीक धारेने. सोबत वेताच्या काडीने आत ढोसत राहायचं. हवा निघाली की आतून बुडबुड असा आवाज येतो, तो कान लावून ऐकायचा. भिंत पितेय तोवर द्यायचं. थांबली की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचं, कारण एका दिवसात आतला चुना खाली बसतो आणि वर पुन्हा पोकळी होते. तान्ह्या मुलाला बोंडल्याने दूध पाजतात तसंच ते होतं, म्हणून आमच्या घरात त्याला पाजणं म्हणत. लोणावळ्याचे ओव्हरसियर ग्राऊट म्हणायचे.

गिलावा वेगळा. तो दाट. त्यात वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. तो भिंतीच्या अंगावर बसतो, आत जात नाही. वरून गुळगुळीत गोट्याने घोटला की त्यात तोंड दिसतं. ऊनपावसापासून भिंतीला जपायचं काम त्याचं, आणि चारचौघांत ती बरी दिसावी हेही त्याचंच. दोन्ही लागतात, मी नाही म्हणत नाही. पण घराचा मालक गवंड्याला फेटा बांधतो तो गिलावा वाळल्यावर. पाजणाऱ्या बाईला कुणी चोळीचा खण दिलेला मी पाहिला नाही. दिसतच नाही ते काम, द्यायचा कशाला?

आत्याबाई मला शिकवायच्या त्या मोजक्या शब्दांत. "काडी गुमान चालव. कान भितीला लाव. तोंड नगं चालवू." एकदा मी घाईने भांडं उपडं केलं तर त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि दिवसभर मला नुसत्या पाट्या उचलायला लावल्या. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आज त्यांच्यासारखं काम करणारी बाई मला कुठे दिसत नाही.

आता त्या हौदाचं सांगते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चारपाच वर्षं आधीची गोष्ट. वडिवळ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या बायका उन्हाळ्यात दरीत उतरून झऱ्याचं गढूळ पाणी आणायच्या. गावाने वरच्या झऱ्याखाली पाण्याचा हौद बांधायचं ठरवलं आणि काम मामंजींना दिलं. गावाचे कारभारी एक मोठे जमीनदार होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. आम्ही चौघं तिथेच झोपडी घालून राहिलो. माझी मुलगी दोन वर्षांची होती, तिला मी आईकडे ठेवून आले होते.

हौद चांगला मोठा होता, पुरुषभर उंच. तीन भिंती आणि तळ आम्ही दोघींनी पाजून काढला. दरीकडची चौथी भिंत राहिली. तिच्या बाहेरच्या बाजूला पुरुषांनी मातीचा भराव टाकला होता आणि खाली एकाचं वावर होतं. ती भिंत पाजायला अजून चार दिवस हवे होते. अशात आबा सांगत आले की पुण्याहून येणारे साहेब आठ दिवस आधीच येणार, हौदाला पहिलं पाणी त्यांच्या हस्ते सोडायचं, तेव्हा परवापर्यंत गिलावा झाला पाहिजे.

आबा गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "त्यास्नी सांगा, चार दिस लागत्यात. न्हाईतर पानी ऱ्हायाचं न्हाई."

मामंजी म्हणाले, "वरून दोन बोटं गिलावा बसला की आत कोन बघतंय?"

"पानी बघतंय की," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी उठले आणि त्यांनी नवऱ्याला गिलाव्याचा चुना काढायला सांगितलं. नवराही उठला. त्याला कळत नव्हतं असं नाही. बापापुढे तोंड उघडायचं नाही हा त्याचा जन्माचा नेम, आणि त्या नेमाची किंमत दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी दिली.

त्याच सकाळी मला पाळी आली. मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. गावात असतो तर मी चार दिवस बाजूला बसले असते. इथे एकच झोपडी, आणि हौदात गिलाव्याचा चुना पोचवायला आम्ही दोघीच. आत्याबाई म्हणाल्या, "बसशील कुटं, झाडावर? पाटी उचल." मी उचलली. दोन दिवस मी त्या हौदात शिडीने उतरत होते आणि चढत होते. मनात धाकधूक होती, ती खोटी कशाला सांगू. पाण्याच्या जागी विटाळ न्यायचा नाही हे मी आईच्या पोटातून शिकून आलेली.

साहेब आले, पाणी सोडलं. गिलावा असा घोटला होता की गावच्या बायका वाकून वाकून आपली तोंडं बघत होत्या. दोन दिवसांनी हौद भरला. त्या गावाची रीत अशी की नवं पाणी भरलं की पाच सवाष्णींनी त्याची ओटी भरायची आणि पाणी टेकतं तिथे भिंतीवर हळदीकुंकवाची रेघ ओढायची. तशी रेघ चारी भिंतींवर ओढली. आबांनी मामंजींना लाल फेटा बांधला, नवऱ्याच्या खांद्यावर उपरणं टाकलं. आम्ही दोघी चुन्याच्या पाट्या धूत लांब उभ्या होतो.

तिसऱ्या सकाळी पाणी रेघेच्या हातभर खाली होतं. चौथ्या सकाळी कमरेइतकं उरलं. झऱ्याचं पाणी वरून पडतच होतं, तरी हौद रिकामा होत चालला होता. कुंकवाची रेघ वर कोरडी, सगळ्या गावाला दिसेल अशी. रेघ नसती तर चार दिवस तरी कुणी बोललं नसतं.

आबांनी देवळापुढे सगळ्यांना बोलावलं. मामंजी फेटा बांधूनच गेले. आबांनी विचारलं तर म्हणाले, "काम चोख हाय. गिलावा बघा, केसाएवडी चीर न्हाई." खरंच नव्हती तेव्हा, निदान वरून दिसेल अशी.

तेवढ्यात घोळक्यातून एक म्हातारी म्हणाली, "झोपडीमागं फडकी वाळत व्हती. आमच्या बायांनी बघितल्यात. कोन उतरलं व्हतं हौदात, ते इचारा की."

सगळी जत्रा आमच्याकडे वळली. आबांचा चेहराच बदलला. मला वाटतं त्यांना हायसं वाटलं. साहेबांसाठी घाई करणारे तेच होते.

आत्याबाई पुढे झाल्या. "आबा, दरीकडची भित पाजली न्हाई. सांधं पोकळ हायती. पानी तितनं जातंय. खालच्या वावरात बघा जाऊन, भर उन्हाळ्यात ओल हाय. परवापास्नं गवात हिरवं झालंय. गवताला काय विटाळ कळतोय व्हय?"

कुणीतरी हसलं. आबांनी मामंजींकडे बघितलं. एकच शब्द बोलायचा होता. व्हय म्हणायचं, चार दिवस मागायचे, गिलावा खरवडून भिंत पाजायची. मामंजी म्हणाले, "बायामानसाला बांधकामातलं काय कळतं? मी तीस वरसं भिती बांधतोय." आणि फेट्याचा शेव नीट केला. तो हात मला अजून दिसतो.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

आबा म्हणाले, "दोघीतली कोन व्हती, ते सांगा. न्हाईतर दोघी."

माझं तोंडच सगळं सांगत असणार. आमच्याच भावकीतल्या एका सुनेला याहून लहान गोष्टीवरून माहेरी धाडलं होतं आणि तिचं पोर सासरीच ठेवून घेतलं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त माझी दोन वर्षांची मुलगी. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "मी व्हते. सुनेला ठावं न्हाई."

चाळिशीच्या होत्या, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. गावाने ठरवलं की या बाईने मावळातल्या कुठल्याच पाण्याच्या कामावर पाऊल ठेवायचं नाही. हौद गोमूत्राने धुतला. मामंजींनी गिलाव्याचा आणखी एक हात दिला, फुकट, मोठ्या मनाने. पाणी तरी राहिलं नाहीच. तेव्हा लोक म्हणाले, जागाच बाटली. खालच्या वावरवाल्याने त्या वर्षी उन्हाळ्यात मिरच्या लावल्या आणि आल्याही चांगल्या. तो काही बोलला नाही, का बोलेल?

बातमी आमच्या आधी कुसगावला पोचली. पाण्याचं काम नको म्हणता म्हणता आत्याबाईंना कुठलंच काम नको झालं. बंगल्यावाल्यांचे मुकादम म्हणायचे, तुमी या, मालकीनबाईंना घरीच ठेवा. मामंजी दुसऱ्या बायका न्यायचे. त्यांना पाजणं येत नव्हतं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. पावसाळ्यात भिंत झिरपली की मामंजी जाऊन गिलाव्याचा हात मारून यायचे. पुढे शिमिट आलं तेव्हा तर सगळंच सोपं झालं, झाकायला.

आत्याबाई घरी बसल्या. सकाळी ओसरीवर हातावर हात ठेवून बसायच्या आणि कामावर जाणाऱ्या आम्हा तिघांकडे बघायच्या. आणि त्यांचे हात बरे होत गेले. भेगा भरल्या. एकेक करून नखं परत आली, मऊ, गुलाबी. शेजारणी म्हणायच्या, बाई, तुमाला सुख लागलं. मला ती नखं बघवत नव्हती. माझ्या पापावर उगवलेली वाटायची.

कारण माझी खात्री होती की हौद माझ्यामुळेच गळला. हे आज लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. चुना मी कालवला होता, कोणती भिंत पाजली आणि कोणती नाही हे मला माहीत होतं, गवत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी देवळापुढे जे ठरलं तेच माझ्या मनात खरं होऊन बसलं. एवढी माणसं सांगतात, तर माझं बघणं कुठे धरायचं!

एकदा न राहवून मी त्यांच्यापुढे रडले. म्हटलं, "आत्याबाई, माझ्यापायी तुमचं काम गेलं."

त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तुज्यापायी न्हाई गं. पाजलं न्हाई म्हनून गळला त्यो. तुला किती डाव सांगू?"

मला वाटलं, काय मन आहे या बाईचं, माझी समजूत घालतेय. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "ऊट. येडी हायस." त्या आवाजात वैताग होता. मला तोही मायेचाच वाटला.

मी सोमवार धरले. कुठल्याही हौदाच्या, विहिरीच्या कामावर जायचं टाळलं. आणि मुलगी मोठी झाली, तिला पाळी आली, तेव्हा मी तिला गोठ्यात बसवलं. चार दिवस. कुसगावात तोवर बऱ्याच घरांत नुसतं चुलीपासून लांब ठेवत, घरातच एका कोपऱ्यात. मी गोठ्यात. पाण्याच्या भांड्याकडे तिने नुसतं पाहिलं तरी माझा आवाज चढायचा. आत्याबाई तिला ताट नेऊन द्यायच्या आणि तिच्याजवळ बसून राहायच्या. मी म्हणायची, आत्याबाई, शिवू नका. त्या मुद्दाम शिवायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तुला डोळं हायती का न्हाईत?" म्हातारपणी माणूस हट्टी होतं, असं मी नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं.

लढाई संपली त्या पावसाळ्यात त्या तापाने गेल्या. जाताना हात अगदी एखाद्या शेठाणीसारखे होते.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न नेमकं त्याच गावात निघालं. अकरा वर्षं मी त्या वाटेला गेले नव्हते. लग्न लागलं, पंगती बसल्या आणि मी एकटीच वर हौदाकडे गेले. का गेले सांगता येणार नाही. पाया पडायला गेले असेन, क्षमा मागायला.

हौद कोरडा पडला होता. बायका पुन्हा दरीतच उतरत होत्या. दरीकडच्या भिंतीचा गिलावा थरच्या थर निसटून तळाला पडला होता, घोटलेली बाजू वर. मी भिंतीतल्या खाचांना धरून आत उतरले. त्या उघड्या भिंतीच्या एका सांध्यात बोट घातलं. पूर्ण बोट आत गेलं, मुळापर्यंत. दुसऱ्या सांध्यात घातलं, तिथेही गेलं. आत थंड हवा लागली. चुन्याचा कणही नाही. एका फटीतून बाहेरच्या गवताची मुळं आत आली होती.

मग मी बाकीच्या भिंतींकडे गेले. गिलावा तिथलाही बराचसा उडाला होता. सांधे भरलेले होते, काठोकाठ. नख लावून पाहिलं, नख शिरलं नाही. एका ठिकाणी सांध्याच्या तोंडाशी चुन्यात बोटाचा ठसा होता, ओलं असताना दाबून बसवलेल्याचा. माझा नव्हता. रुंद होता, आणि नखाची खूण त्याला नव्हती.

बाई मला दहा वर्षं खरं सांगत होती आणि मी ते खरं मायेत काढत होते. गावाने तिचं ऐकलं नाही ते मी समजू शकते. ते तिचे कुणी नव्हते. मी तिच्या शेजारी बसून भाकरी खात होते.

लग्नाचं जेवण न जेवताच मी निघाले. कामशेतपर्यंत चालत, तिथून गाडीने लोणावळा, मग घर. ओसरीवर मामंजी बसले होते, थकलेले, डोळ्यांनी कमी दिसणारे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांच्यासमोर मी तोवर कधी उभ्याने बोलले नव्हते.

म्हटलं, "मामंजी, हौदात उतरून आले. दरीकडची भिंत बघून आले."

त्यांनी मान वर केली. काय बोलतील याची मी वाट बघत होते. बाईचं नाव काढतील, निदान मान खाली घालतील.

म्हणाले, "गिलावा ऱ्हायलाय का?"

मी म्हटलं, "न्हाई."

मग मी मागे गोठ्यात गेले. पोरीचा त्या दिवशी दुसरा दिवस होता. मी तिचा हात धरला तशी ती दचकून मागे सरकली आणि म्हणाली, "आई, शिवू नगंस."